उलट्या प्रदक्षिणेचे मैदान

आमच्या व्याह्यांनी आजवर कोणाही मनुष्याचे मुख प्रथम पाहिलेले नाही. ते आधी पाय पाहतात. पायांविषयी समाधान झाले, तर दृष्टी सावकाश वर चढते. आणि ज्याचे पाय मनास आले नाहीत, त्याचे मुख त्यांना पुढे वर्षानुवर्षे ओळखू येत नाही. मस्कतजवळ सीबला माझे चिरंजीव ज्या इमारतीत राहतात, तिच्या तळमजल्यावरचे एक सज्जन गृहस्थ दर शुक्रवारी व्याह्यांना हात जोडीत, आणि व्याही दर शुक्रवारी जिना चढताना मला विचारीत, "हे कोण हो, व्याहीबुवा?" एकदा ते गृहस्थ अनवाणी पायांनी कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आले, तेव्हा मात्र व्याही वरच्या मजल्यावरून ओळख पटल्याच्या आनंदाने ओरडले, "अरे, हे तर आपले सपाट तळव्यांचे!" देवदर्शन चरणांपासून आरंभावे आणि मग दृष्टी मुखाकडे न्यावी, असे मला बालपणी पाठशाळेत गुरुजींनी शिकविले होते. व्याह्यांना हे कोणी शिकविले नव्हते. परंतु जो नियम मी देवापुरता पाळतो, तो ते मनुष्यमात्राला लावतात, एवढाच आम्हां दोघांत भेद.

सोयरीक जुळण्याच्या दिवशीच मला याची प्रचीती आली. व्याही तेव्हा ओमानमधून महिनाभराच्या रजेवर रत्नागिरीकडच्या आपल्या गावी आले होते. मी मुलाची पत्रिका घेऊन त्यांच्या ओटीवर बसलो आणि नाडी, गण, गुणमेलन यांविषयी सविस्तर बोलू लागलो. ते मान डोलावीत होते, पण ऐकत नव्हते. मध्येच ते माझ्या मुलाला म्हणाले, "जरा विहिरीपर्यंत जाऊन या." आज्ञाधारक मुलाने कोपऱ्यातली कळशी उचलली. "कळशी नको हो, नुसतेच जाऊन या." तो अनवाणीच गेला आणि आला. तोवर व्याह्यांनी उंबऱ्याबाहेर काढलेल्या त्याच्या चपला उचलून, उलट्या करून, उजेडात धरल्या होत्या. "दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात," ते विहीणबाईंना म्हणाले, "पोहे आणा. माझा होकार आहे." मी जरा दुखावून विचारले, "आणि पत्रिका?" ते म्हणाले, "ती तुम्ही बघा. ग्रह कुठे आहेत ते तुम्हांला कळतं. माणूस भार कुठे टाकतो ते मला कळतं." विवाहाच्या मुहूर्तावर अंतरपाट दूर झाला, तेव्हा या गृहस्थांच्या गळ्यात शेल्याखाली शिट्टी होती आणि मुठीत शर्यतीची वेळ मोजायचे घड्याळ; अक्षता पडताच अंगवळणी पडलेल्या सवयीने त्यांनी ते दाबले. ते अजून थांबविलेले नाही, असे ते सांगतात.

व्याही ओमानच्या शर्किया प्रांतात, इब्रा गावापलीकडे असलेल्या एका सरकारी विद्यापीठात मैदानी खेळांचे प्रशिक्षक होते. तरुणपणी गेले आणि तिथेच केस पांढरे केले. विहीणबाई गावी आंब्याची बाग सांभाळीत. त्यांना वाळवंटाची हवा मानवत नसे आणि व्याह्यांना मैदानाखेरीज कोणतीच हवा मानवत नसे, म्हणून हा संसार पत्रे आणि आंबे यांवर सुखाने चालला होता. आठवड्याच्या सुटीला ते मोटार हाकीत सीबला लेकीकडे येत. मी सहधर्मचारिणीच्या निधनानंतर चिरंजीवांकडे राहू लागलो होतो. आमच्या नातीने, जिच्या मराठीत दोन शब्दांमध्ये विचार करण्याइतके अंतर असते, आम्हां दोघांची सोपी वाटणी करून टाकली होती. मी 'पूजावाले आजोबा' आणि ते 'शिट्टीवाले आजोबा'. संध्येला बसण्यासाठी मी आसन मांडले की शिट्टीवाले आजोबा समोरच्या कोचावर बसून, शब्दही न बोलता, पाहत राहत, आणि मी उठलो की म्हणत, "प्राणायाम आज उत्तम झाला, व्याहीबुवा. पण उठताना डाव्या गुडघ्यावर जोर देता. तो सोडा."

हिवाळ्यात मी त्यांच्याकडे चार-दोन आठवडे जाऊन राहत असे. विद्यापीठाच्या आवारात त्यांना दोन खोल्या होत्या. समोर उघडे तांबूस डोंगर, त्यांच्या पायथ्याशी खजुरांची हिरवी रेघ, आणि मध्ये व्याह्यांचे मैदान. मैदान मातीचे होते. त्यावर रबरी धावपट्टी घालण्याचे मंजूर झाले होते, आणि कार्यालयात विचारले की दर वेळी 'इन्शाल्ला' असे उत्तर मिळे. व्याह्यांनी या शब्दाचा सूक्ष्म अभ्यास केला होता. त्यांचे म्हणणे असे, की ज्या इन्शाल्लानंतर समोरचा माणूस कागद शोधू लागतो, तिथे काही आशा असते. ज्या इन्शाल्लानंतर तो चहा मागवितो, तिथून मुकाट्याने चहा पिऊन निघावे. धावपट्टीच्या नावाने त्यांनी फार चहा प्याला होता.

या मैदानावरच आमचा एकमेव मतभेद झाला, आणि तो तत्त्वाचा होता. पहाटे स्नानसंध्या आटोपून मी मैदानाला फेऱ्या घालीत असे. स्वाभाविकच, ज्याभोवती फिरायचे ते उजव्या हाताला ठेवून. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो तशी. पहिल्याच दिवशी समोरून दहा-बारा दांडगे ओमानी तरुण वाऱ्यासारखे माझ्या अंगावर आले, आणि त्यांच्यामागून शिट्टी आणि व्याह्यांची आरोळी ऐकू आली, "उलटं! व्याहीबुवा, उलटं चाललात!" जगात सर्वत्र धावपट्टीवर मैदान डाव्या हाताला ठेवून धावतात, असे त्यांनी मला समजावले. मी म्हणालो, "अहो, पण ही तर अप्रदक्षिणा झाली. डावीकडून देवाला कोणी वळसा घालतो का?" ते म्हणाले, "इथे देव कुठे आहे?" मी म्हणालो, "तुम्ही रोज पहाटे येऊन कोणाला भेटता मग?" यावर त्यांनी पुन्हा शिट्टी वाजविली; नियम बदलला नाही, आणि मीही बदललो नाही. मी कडेने, अगदी बाहेरून, माझ्या दिशेने चालत असे, ते तरुण त्यांच्या दिशेने धावत, आणि दर फेरीला समोरासमोर आलो की ती मुले हात उंचावून, व्याह्यांकडून शिकलेला तेवढाच एक मराठी शब्द मोठ्या प्रेमाने मला ऐकवीत: "उल्टं, उस्ताद, उल्टं!"

पुढे तेलाचे भाव कोसळले. मी तेलाविषयी काही जाणत नाही. परंतु ते जमिनीतून निघते आणि विद्यापीठांतून ओसरते, एवढे मला त्या वर्षी समजले. प्रथम सभांमधला चहा बंद झाला, आणि त्याबरोबर इन्शाल्लाचा अर्थ लावण्याचे व्याह्यांचे साधनही गेले. मग वाचनालयातला एक आड एक दिवा निघाला. मग स्पर्धांना जाणारी बस गेली. विद्यार्थीही घटले, कोणी मस्कतच्या खाजगी महाविद्यालयांकडे वळले, कोणी शिक्षण सोडून पोलिसात, सैन्यात नोकरी धरली, कारण पुढच्या वर्षी नोकऱ्याही उरतील की नाही याची घरोघरी धास्ती होती. वसतिगृहाच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले शुभ्र झगे विरळ होत गेले. व्याही संध्याकाळी त्या गॅलऱ्यांकडे पाहून, शेतकऱ्याने आभाळाकडे पाहावे तसा निःश्वास टाकीत.

स्वतःच्या खात्यापुरती मात्र त्यांनी काटकसरीशी हातघाईची लढाई चालविली. अडथळ्यांच्या शर्यतीचे मोडके अडथळे ते मोटारीच्या टपावर बांधून मस्कतला गाला नावाच्या भागातल्या औद्योगिक वसाहतीत घेऊन गेले. तिथे बाणकोटच्या बाजूचे इस्माईलभाई म्हणून एक मिस्त्री गॅरेज चालवितात. मी बरोबर होतो. इस्माईलभाईंनी एक अडथळा हातात घेतला, तो हातातच दुमडला. "कोचसाहेब," ते म्हणाले, "ह्याच्यावरनं पोर उडी मारणार, की ह्योच पोरावर उडी मारणार?" तरी त्यांनी जुन्या एसीच्या नळ्या कापून सगळे अडथळे असे जोडून दिले की ते आणखी एक पिढी पाडून दाखवतील. मजुरी घेईनात. तेव्हा व्याह्यांनी गॅरेजातल्या सगळ्या कामगारांना बूट काढून रांगेने उभे केले, प्रत्येकाचे तळवे तपासले, आणि कोणी टाचेखाली काय घालावे ते सांगितले. मोटारीखाली झोपून काम करणाऱ्या एका पंजाबी कारागिराचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. ते त्याला न उठवताच तपासून झाले.

मैदानावर रेघा आखण्याची पांढरी फक्की संपली आणि नवी येईना, तेव्हाची गोष्ट माझ्या सूनबाई अजून सांगतात. दिवाळीनंतर माळ्यावर ठेवलेले रांगोळीचे डबे त्यांना हलके लागले.

"बाबा, माझी रांगोळी?"

"अगं, उरली होती ना? घेतली जरा."

"आणि लाल?"

"लाल शेवटच्या रेषेला लागली. मुलांना लांबून दिसते."

"आणि तो गुलाबी रंग?"

यावर व्याही वर्तमानपत्र वाचू लागले. पुढच्या खेपेस मी मैदानावर गेलो, तेव्हा लांब उडीच्या खड्ड्याभोवती गुलाबी किनार होती.

परंतु रांगोळीने विद्यार्थी येत नाहीत. एप्रिलच्या अखेरीस अधिष्ठात्यांनी व्याह्यांना बोलाविले. हे अधिष्ठाते सुशील आणि मृदुभाषी ओमानी गृहस्थ होते, आणि वाईट बातमी सांगताना त्यांचा आवाज आणखी मृदू होत असे. त्या दिवशी तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता, असे व्याही म्हणाले. येत्या प्रवेशाच्या वेळी धावण्याच्या संघात नवे विद्यार्थी आले नाहीत, तर मैदानी खेळांचे खाते बंद होईल आणि मैदानाची जागा गाड्या उभ्या करायला दिली जाईल. त्या शुक्रवारी व्याही सीबला आले ते जिन्यात कोणाचेही पाय न पाहता वर आले. जेवणाच्या पानावरून ते म्हणाले, "पार्किंग! व्याहीबुवा, जिथे माणसं धावली, तिथे आता गाड्या उभ्या राहणार. निदान धावत्या गाड्या म्हणाले असते!" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या पानातली आमटी तशीच राहिली.

त्या दिवसापासून ते इब्राच्या परिसरात धावपटू शोधू लागले, आणि वधूपिता जसा स्थळे शोधतो तसेच शोधू लागले; दुसरी पद्धत त्यांना ठाऊकच नव्हती. माणसे पाहावीत, चालवून पाहावीत, घराण्याची चौकशी करावी, मग वडीलधाऱ्यांना घेऊन मागणी घालावी. बाजारात चहाचे ट्रे घेऊन धावणारी माणसे त्यांनी थांबविली. मशिदीबाहेर काढून ठेवलेल्या चपलांच्या ढिगापाशी ते इतका वेळ रेंगाळू लागले, की एका सद्गृहस्थाने त्यांना आपल्या चपला धर्मादाय म्हणून देऊ केल्या. आणि मग बकऱ्यांच्या बाजारात एके सकाळी त्यांना हवे ते स्थळ सापडले. लिलावातून एक बोकड सुटला आणि डोंगराच्या दिशेने गेला. एक उंच, सडपातळ तरुण झगा कमरेला खोचून त्याच्यामागे गेला, आणि थोड्या वेळाने बोकड खांद्यावर घेऊन धावतच परत आला. दमला होता तो बोकड. व्याही त्या तरुणासमोर उभे राहिले आणि त्यांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "जरा चपला दाखवतोस का?"

त्याचे नाव सालिम. तो पुढच्या महिन्यात मस्कतला वाहनचालक म्हणून नोकरीस लागणार होता. त्याच्या गावातली आणखी सात-आठ मुले त्याच वाटेवर होती, आणि व्याह्यांच्या मते ती सगळीच, डोंगर चढून-उतरून, पायांची सोन्यासारखी होती. "माझं काय?" सालिम म्हणाला. "आजोबा म्हणतील तसं." गावात त्याच्या आजोबांचा शब्द चालत असे. ते म्हणाले तर ही सगळी मुले विद्यापीठात येणार होती. ते नाही म्हणाले, तर सगळी मस्कतला जाणार होती आणि मैदानावर गाड्या येणार होत्या.

"तुम्हांला यायला हवं," व्याही मला म्हणाले. "मागणी घालायची म्हणजे कोणी वयोवृद्ध, शास्त्र जाणणारं बरोबर लागतं. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर बोलावलंय."

मी पंचांग पाहिले. "शुक्रवारी निर्जळी एकादशी आहे. मी पाण्याचा थेंबही घेत नाही."

"तुम्हांला बोलायचं नाही, नुसतं बसायचं आहे. बसायला पाणी कुठे लागतं?"

त्याप्रमाणे ज्येष्ठातल्या त्या दाहक दुपारी, एक हापूसची पेटी, एक नारळ आणि मी, असे तिघेही व्याह्यांच्या मोटारीतून त्या गावी पोहोचलो. खजुरांच्या बागेच्या कडेला मातीचे स्वच्छ घर होते. दाराशी फलजाचे पाणी, म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाटाचे, झुळझुळत होते. निर्जळीच्या दिवशी तो आवाज ऐकणे हीसुद्धा तपश्चर्याच. बैठकीच्या खोलीत गालिच्यावर सालिमचे आजोबा टेकून बसले होते. पांढरी दाढी, हातात काठी, आणि मुद्रेवर अशी निश्चल शांती, की मी मनोमन त्यांना वंदन केले. कुशल विचारणे सुरू झाले. तिकडे कुशल विचारणे हा एक पूर्ण विधी आहे. आपण कसे, घरचे कसे, बातमी काय, बातमी चांगलीच ना, आणि पुन्हा आपण कसे. व्याही आपल्या कोकणी वळणाच्या अरबीत उत्तरे देत होते. मागणीचे भाषण त्यांनी मोटारीत पाठ केले होते, परंतु ते सुरू होण्याआधीच कॉफी आली.

एका तरुणाने उंच पितळी पात्रातून दांडी नसलेल्या चिमुकल्या पेल्यात कॉफी ओतली आणि माझ्या हाती दिली. हातात आलेले अन्नपाणी परत करणे मला शोभले नसते, आणि पिणे शक्य नव्हते. मी उजव्या हाताने पेला घेतला, कपाळाजवळ नेऊन नमस्कार केला, आणि माझ्यापुढे गालिच्यावर ठेवून दिला.

आजोबांनी पेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा पेल्याकडे. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि ते सरळ बसले. मग त्यांनी व्याह्यांना काही विचारले. व्याह्यांचा चेहरा गोंधळला. त्यांनी होकारार्थी मान हलविली. आजोबांनी छातीवर हात ठेवला आणि एकच शब्द उच्चारला.

"काय झाले?" मी हळूच विचारले.

व्याही माझ्या कानाशी वाकले. "व्याहीबुवा, तुम्ही काय केलंत! ह्यांच्यात जुनी रीत आहे. पाहुण्याची काही मोठी मागणी असली, की तो कॉफी न पिता पेला पुढ्यात ठेवतो. यजमानानं शब्द दिला, की मगच पितो. त्यांनी विचारलं, मागणी आहे का? मी म्हटलं, आहे. आणि ते म्हणाले, दिली! काय मागणी, ते विचारलंसुद्धा नाही हो!"

"मग उत्तम झाले."

"कसलं उत्तम? आता प्यायला हवं ना! शब्द मिळाल्यावर प्यायला नाही, म्हणजे शब्द नाकारला. अपमान झाला."

आजोबा हात पुढे करून, प्रसन्न मुद्रेने मला पेला घेण्याची खूण करीत होते. खोलीतले सगळे माझ्याकडे पाहत होते.

"घ्या हो एक घोट," व्याही कुजबुजले. "तीन बोटांचा तर पेला आहे. देवाला मी समजावतो."

"निर्जळी आहे."

"कॉफी म्हणजे काय पाणी आहे का?"

मी त्यांच्याकडे पाहिले. "आली का पंचाईत," ते हताश होऊन म्हणाले. "तुमची एकादशी आणि माझं मैदान, दोन्ही एकाच पेल्यात येऊन बसली."

मी आजवर एकादशी मोडलेली नाही. परंतु त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या पानात तशीच राहिलेली ती आमटी आली. एका गृहस्थाचे आयुष्य त्या मैदानावर होते. देव क्षमाशील आहे, गाड्या नाहीत, असा काहीसा विचार मनात आला आणि माझा हात पेल्याकडे गेला.

व्याह्यांनी माझे मनगट धरले.

"नको," ते म्हणाले. मग माझा हात तसाच धरून, आजोबांकडे वळून, ते अरबीत बोलू लागले. पाठ केलेले भाषण हे नव्हे, एवढे मला कळत होते. ते अडखळत होते, शब्द शोधत होते. त्यांनी काय सांगितले, ते मला नंतर समजले. त्यांनी सांगितले, की पेला खाली ठेवला गेला तो तुमच्या रीतीने नव्हे. आमच्या या वडीलधाऱ्यांचा आज उपवास आहे, पाण्याविना. तुम्ही शब्द दिलात, तो चुकून घेतला गेला. तो आम्ही परत करतो. नुसती मागणी घालायला आलो होतो, ती आता तुमच्या मर्जीवर.

आजोबांनी सगळे ऐकून पुन्हा पेल्याकडे पाहिले. मग त्यांची दाढी हलू लागली. ते हसत होते. आधी निःशब्द, मग खोकला येईपर्यंत. "उपवास?" ते म्हणाले, आणि व्याही एकेक वाक्य मला सांगत गेले. "रमजानला अजून तीन आठवडे आहेत. तुम्ही आमच्याही आधी सुरुवात केलीत!" त्यांनी एक बशी मागविली, स्वतः वाकून माझा पेला झाकला आणि तो भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. "पेला थांबेल. उपवास सुटला की पिऊ. तोवर तुम्ही आमच्या घरी. आणि शब्द मी तुम्हांला दिला. परत घ्यायला तो काय बोकड आहे?" मग जरा पुढे वाकून त्यांनी विचारले, "पण मागणी तरी काय होती? मला वाटलं, फलजाच्या पाण्यातला वाटा मागताय."

ते पाण्याचा वाटासुद्धा द्यायला निघाले होते, हे ऐकून व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी सालिमचे आणि गावातल्या मुलांचे नाव काढले. आजोबांचा चेहरा गंभीर झाला. "धावून पोट भरतं का?"

"नाही," व्याही म्हणाले. "मी कोणाला खोटं सांगत नाही. धावून काही मिळत नाही. पण धावायला म्हणून येईल, आणि आला की शिकेल. नुसतं शिकायला ये म्हटलं, तर तो येणार नाही."

सालिम दारात उभा होता. तो खाली पाहून हसला, म्हणजे हे खरे होते.

द्वादशीच्या पहाटे फलजाच्या काठी स्नानसंध्या करून मी पारणे फेडले ते आजोबांच्या हातच्या कॉफीने आणि खजुराने. ती वेलदोड्याची कडू कॉफी मी संपविली, त्यांनी पुन्हा ओतली. संपविली, पुन्हा ओतली. पात्रातले टाकणे मला शिकविलेले नाही, त्यामुळे हा यज्ञ बराच वेळ चालला. पुरे झाले की पेला जरासा हलवून दाखवायचा असतो, हे व्याह्यांनी मला सांगितले, पण परतीच्या वाटेवर. "उत्तम प्यालात," ते म्हणाले. "दम चांगला आहे तुमचा."

सालिम आला, आणि त्याच्यामागून गावातली मुलेही आली. त्या वर्षी मैदान राहिले, आणि त्यानंतरच्या वर्षांतही राहिले. रबरी धावपट्टी काही आली नाही. अधिष्ठाते मृदू आवाजात व्याह्यांना विचारीत, की पुढच्या प्रवेशाआधी तुमच्या व्याह्यांचा उपवास केव्हा आहे. सालिम पुष्कळ स्पर्धा जिंकला, काही हरला, आणि पदवीधर झाला. आजोबा समारंभाला काठी टेकीत आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत त्याचे पदवीपत्र न पाहता मला विचारले, "एकादशी?"

मग व्याह्यांची पाळी आली. परदेशी माणसांच्या जागी देशातली तरुण माणसे नेमावीत, असे धोरण होते, आणि ते योग्यच होते. शिवाय व्याह्यांनी स्वतःच्या जागेसाठी जो माणूस तयार केला होता, त्याच्या चपलांच्या टाचा त्यांनी पूर्वीच पाहिल्या होत्या. निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे होतो. ऊन उतरल्यावर ते मैदानावर गेले. मुले जमली होती. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून सालिमच्या गळ्यात घातली. त्याने त्यांच्या कपाळाचे चुंबन घेतले, जसे तिकडे वडिलांचे घेतात.

मग व्याही रेघेबाहेर आले, खाली बसले आणि त्यांनी बूट काढले, मोजे काढले. "चला, व्याहीबुवा," ते म्हणाले. आणि मैदान उजव्या हाताला ठेवून ते चालू लागले.

मागून मुलांचा गलका झाला. "उल्टं, कोच! उल्टं!" सालिमने शिट्टीही वाजविली. व्याह्यांनी मागे पाहिले नाही. मी त्यांच्याबरोबर चालू लागलो. सगळ्या जगाचे पाय पाहणाऱ्या या गृहस्थाचे पाय मी त्या सायंकाळी प्रथमच पाहिले. टाचांना भेगा होत्या, आणि डावा पाय आतल्या बाजूस जरा कलला होता. आयुष्यभर डावीकडेच वळलेला तो पाय उजवीकडे वळताना अडखळत होता. पहिल्या वळणावर मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, आणि प्रदक्षिणा पूर्ण होईपर्यंत सोडला नाही.